मागचा पंखा

चित्र अडकलं होतं आणि पंखा फिरत होता. झालं ते एवढंच. सकाळची गडबड, कामावर निघायच्या आधीचा रोजचा व्हिडिओ कॉल, तिच्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात केसांची क्लिप. बाबा काहीतरी सांगता सांगता पडद्यावर थांबले. ओठ किंचित उघडे, भुवया वर, उजवा हात छातीपर्यंत उचललेला. "बाबा, अडकलात," ती सवयीने म्हणाली आणि क्लिप लावायची म्हणून तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. यात नवीन काही नव्हतं. बाबांचं नेट कित्येक महिने असंच जात होतं आणि येत होतं, आणि तिला आता त्याचा रागही येईनासा झाला होता. क्लिप लावून तिने मान वर केली तेव्हा बाबा तसेच होते, हात तसाच होता, आणि त्यांच्या डोक्यामागे भिंतीवरचा जुना पंखा मान फिरवत होता. खिडकीपाशी गेला, थबकला, परत आला. वारा अंगावर आला तसे बाबांच्या कानावरचे विरळ केस उडाले आणि खाली बसले. बाबा मात्र अडकलेलेच. मग पडद्याच्या कडेला त्यांच्या डाव्या अंगठ्याची सावली आली आणि पडदा काळा झाला.

ती ओट्याशी उभीच राहिली. घरोघरचं नेट सुधारून देणाऱ्या हेल्पलाइनवर जिचं निम्मं आयुष्य गेलं, तिला हे कुणी शिकवायला नको होतं. चित्र अडकतं तेव्हा सगळंच अडकतं. माणूस अडकतो, भिंत अडकते, भिंतीवरची पाल अडकते. माणसाला एक नेट आणि पंख्याला दुसरं, अशी सोय अजून कुठल्या कंपनीने काढलेली नाही. तिला हसू यायला हवं होतं, पण तिने ओट्याची कड धरली. तेवढ्यात फोन वाजला. बाबाच. "रेंज गेली गं," ते म्हणाले, आणि आवाज कसा खणखणीत, मोकळा. "या डबड्याला काय धाड भरलीय कोण जाणे. मी बोलतोय आणि हे मेलं गप्प." ती म्हणाली, "हो ना, बाबा. बघते मी काहीतरी." विचार करायच्या आधीच म्हणून गेली. "बघ बाई, तूच त्यातली जाणकार," बाबा म्हणाले, आणि काय सांगायचं राहिलं होतं ते ना त्यांनी सांगितलं ना तिने विचारलं.

बाबा फोटोग्राफर. स्टुडिओ म्हणजे रस्त्याला लागून एक खोली आणि तिच्या पाठीमागे राहतं घर. पुढच्या खोलीत निळा पडदा, गोल स्टूल, छत्रीचे दोन दिवे, आणि गिऱ्हाइकाला घाम येऊ नये म्हणून भिंतीवर पंखा. पासपोर्टचे, नोकरीच्या अर्जाचे, लग्न जमवायचे, सगळ्या तऱ्हेचे चेहरे त्या स्टुलावर येऊन बसून गेले. बाबांचं वाक्य ठरलेलं: "हलू नका. श्वास घ्या. धरा. झालं." कुणाचं काही दुखायच्या आत दात काढून टाकणाऱ्या डॉक्टरसारखे ते बोलत. गिऱ्हाईक येण्याआधी दिवे नीट लागलेत का हे बघायला कुणीतरी स्टुलावर बसायला लागे, आणि ते काम तिचं. दादा मोठा, तो शाळेत. ती चार पावलंही सरळ चालत नसे, तिला काय बसवणार. पाय हलव, नाक खाजव, पडद्यामागे काय आहे ते बघ. म्हणून बाबांनी नाव ठेवलं, खार. "हलू नकोस, खारे," हे वाक्य तिने लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं की शाळेत हजेरीला खऱ्या नावाने हाक मारली की क्षणभर तिला वाटे, ही कोण दुसरी.

आणि मग तो खेळ. दुपारी गिऱ्हाईक नसलं की बाबा स्टुलावर बसत आणि म्हणत, "मी पुतळा झालो. आता मला हलवून दाखव." ती गुदगुल्या करी, तोंडं वेडावी, कागदाची सुरनळी करून नाकात घाली. बाबा ढिम्म. पापणीसुद्धा लवत नसे. ती हरायला यायची, रडकुंडीला यायची, खरंच यांना काही झालं तर नाही ना, अशी शंका तिला यायची, आणि नेमक्या त्याच क्षणी बाबा "भॉक्!" करायचे. मग किंचाळणं, हसणं, आतून आईचं ओरडणं. त्या भॉक्‌मुळे आधीचं सगळं भय फिटून जात असे. कामावर जाताना बसमध्ये दांड्याला धरून उभी असताना तिला कळलं की सकाळी ओट्याशी पंख्याकडे बघत ती ज्याची वाट पाहत उभी होती, ते भॉक् होतं. ते आलं नाही. रोज बसमध्ये भेटणारी बाई म्हणाली, "अहो, तुमचा स्टॉप गेला ना?" गेला होता.

हेल्पलाइनची खोली म्हणजे रांगेने टेबलं, टेबलांमध्ये कापडी भिंती, आणि प्रत्येकाच्या डोक्याला अडकवलेला हेडफोन. नव्या माणसाला इथे दोन गोष्टी पहिल्याच दिवशी शिकवत. तिला शिकवणारे साहेब आता निवृत्त झाले, पण त्यांची वाक्यं भिंतींना चिकटून राहिली होती. पहिली गोष्ट: लाइनवर शांतता पडली तर आधी म्हणायचं, "मी लाइनवर आहे, सावकाश." गिऱ्हाइकाला वाटता कामा नये की आपण पळालो. दुसरी गोष्ट: गिऱ्हाईक ज्या वायफायवरून आपल्याशी बोलतंय तेच नेटवर्क त्याला फोनमधून काढून टाकायला, म्हणजे फर्गेट करायला, कधी सांगायचं नाही. आधी दुसरा नंबर घ्यायचा. साहेब म्हणत, "ज्या फांदीवर बसलात ती तोडू नका, बाकी झाड तुमचंच आहे." सगळे हसत. नवी पोरं हसत आणि पहिल्याच आठवड्यात फांदी तोडत. तिने कधी तोडली नव्हती.

पहिलं गिऱ्हाईक चिडलेले गृहस्थ. नेट दर थोड्या वेळाने जातं, मोबाइलवर काही धड दिसत नाही, तुम्ही लोक नुसतं बंद करा आणि चालू करा एवढंच सांगता. ती म्हणाली, बरोबर आहे तुमचं, आपण आधी बंद करून चालू करूया. मग फोनचं वायफाय बंद, चालू. मग राउटरची पिन काढून जरा थांबायचं. मग राउटर ठेवलाय कुठे? गृहस्थ अडखळले. लोखंडी कपाटात. का? धूळ बसू नये म्हणून. कपाटाला कुलूपही होतं. ती गंभीर आवाजात म्हणाली, "साहेब, त्याला जरा बाहेरची हवा दाखवा," आणि गृहस्थांनी कपाट उघडल्याचा कर्रर्र आवाज तिच्या कानात आला, आणि मग, "अरेच्चा." या नोकरीची हीच गंमत होती. दोष सापडतो. भिंत असते, कपाट असतं, शेजाऱ्याचं नेटवर्क आपल्यात घुसलेलं असतं, फोन दहा वर्षांचा म्हातारा असतो. काहीतरी असतंच, आणि ते बाजूला केलं की माणूस पुन्हा बोलायला लागतो. तिचा त्यावर विश्वास होता, म्हणजे देवावर असावा तसा नाही, जिन्याच्या पायरीवर असतो तसा.

याच विश्वासाने तिने बाबांचं घर पिंजून काढलं होतं. भिंती जाड, म्हणून राउटर पुढच्या खोलीत आणला. तरी जातंच, म्हणून सिग्नल वाढवणारं यंत्र पाठवलं. तरी जातंच, म्हणून नवा फोन. मग कंपनी बदलली. दर वेळी पार्सल पोचलं की बाबा कात्रीने ते नीट उघडत, तिने सांगितलेल्या भोकात सांगितलेली पिन घालत, शहाण्या मुलासारखे, आणि म्हणत, "आता कसं झकास झालं." चार दिवस झकास. मग पुन्हा बोलता बोलता चित्र अडके. दादा लांब दुसऱ्या देशात, त्यालाही हाच अनुभव. तो म्हणे, "अगं, एवढी हेल्पलाइनवाली तू, आणि बापाच्या घरात रेंज आणता येईना तुला?" ती म्हणे, "तू ये आणि आण." दोघं हसत. आता दुसऱ्या कुणाच्या तरी राउटरचे लाल-हिरवे दिवे ऐकून लिहून घेताना तिला ते हसणं आठवलं आणि तोंड कडू झालं. नेट खराब आहे म्हटल्यावर तिघांचीही सोय होती. बाबांना लपायला जागा होती, आणि या दोघांना न बघायला.

कारण आता एकेक कॉल तिला वेगळा दिसू लागला. तिच्या मुलीशी बोलताना बाबा म्हणाले होते, "काय म्हणतेय आमची..." आणि नेट गेलं. दोन गल्ल्या पलीकडचे त्यांचे जुने मित्र वारले ते सांगताना, "अगं, आपले ते गेले, ते..." आणि नेट गेलं. भाजी काय केली विचारलं, नेट गेलं. आईच्या तसबिरीकडे बोट दाखवून, "हिच्या हातची सर कुणाला," म्हणाले तेव्हा नेट गेलं नव्हतं, पण हिचं नाव तरी त्यांनी कुठे घेतलं होतं? नवरा बायकोचं नाव घेत नाही यात कुणाला काय वावगं वाटणार. ज्या वाक्यात नाव लागत नाही ते वाक्य बाबा सुरेख बोलत. हवा, गुडघे, आजकालचे फोटो, जो उठतो तो फोन काढतो आणि स्वतःलाच टिपतो, प्रकाश कशाशी खातात माहीत नाही. नावाच्या जवळ आले की पुतळा. किती मेहनत घेतली असेल त्यांनी. ओठ अर्धवट उघडे ठेवायचे, कारण खरं चित्र अडकतं ते मध्येच अडकतं, तोंड मिटून नाही. त्यांनी ते निरखलं असेल, आरशात करून पाहिलं असेल. आयुष्यभर माणसं स्थिर करणारा माणूस. एक पंखा तेवढा ध्यानात राहिला नाही.

आणि सकाळी काय सांगत होते? तिने आठवायचा प्रयत्न केला, मध्ये एका बाईंना "फोन घेऊन खिडकीपाशी जा" असं सांगत, मध्ये सुपरवायझरला मान डोलावत. सकाळी बाबा म्हणाले होते, "अगं थांब, सांगायचंच राहिलं. ऐक..." आणि हात वर गेला होता. "ऐक" नंतर काय येतं? चाळीस वर्षं "ऐक" नंतर एकच शब्द येत होता. ऐक, खारे. तिला काही कळायच्या आत हेडफोनमधल्या बाई म्हणाल्या, "हॅलो? हॅलो? गेलात का?" आणि तिला "मी लाइनवर आहे" हे म्हणायलाही वेळ लागला. बाकीची नावं गेली तोवर ती बाहेरची पडझड होती. लोकांची नावं कुणीही विसरतं. पण आता बाबांच्या तोंडातून ती गेली होती, आणि ती गेली तर स्टुलावर पाय हलवणारी ती पोर आता कुणाच्या डोक्यात राहणार होती? आई नाही. दादा तर तेव्हा शाळेत असायचा. तिला बाबांची काळजी वाटायला हवी होती आणि वाटतही होती, पण तिच्या आधी, तिच्या पुढे रांग मोडून, तिला स्वतःची भीती वाटली, आणि त्याची लाजही वाटली.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता जिन्यात गेली. बोलायचं काय हे ठरत नव्हतं. "बाबा, मी पंखा पाहिला," असं म्हणायचं? म्हणजे कुणी न्हाणीघरात असताना दार ढकलण्यासारखंच. आणि नाही म्हणायचं तर मग रोज सकाळी तो पुतळा बघायचा, बाबा अडकलात म्हणायचं, आणि तिकडे ते एकटे आपल्या डोक्यात काय काय पडतंय ते बघत बसणार. तिने फोन लावला. घर तळमजल्याचं, मोबाइलची साधी रेंज तिथे पायरीवर उभं राहिलं तरच मिळे, म्हणून बाबांचा साधा कॉलसुद्धा वायफायवरूनच चाले. हे तिनेच तर लावून दिलं होतं. बाबांनी उचलला. आवाज सावध. या वेळी ती कधी फोन करत नसे.

"काय गं, बरी आहेस ना?"

"बरी आहे. बाबा, तुमचं नेट आज मी कायमचं नीट करते. फोन हातात आहे ना?"

"अगं, राहू दे. चाललंय तसं बरं आहे."

"नाही, आज करूच. सेटिंग उघडा. दातेरी चक्रासारखं चित्र आहे ते."

असं का केलं, हे तिने नंतर स्वतःला पुष्कळ विचारलं. तोंडाला सवय होती म्हणून. किंवा दोष नेटमध्येच निघावा अशी शेवटची वेडी आशा होती म्हणून. किंवा, आणि हे तिला मान्य करवत नव्हतं, तिला राग आला होता. मला फसवता काय, मग करा आता मी सांगते तसं. बाबा सांगितलेलं करत गेले. वायफायवर बोट ठेवा. ठेवलं. आपल्या घराचं नाव दिसतंय? दिसतंय. त्याच्यावर दाबून धरा. धरलं. "आता फर्गेट म्हणून येईल, बाबा. दाबा ते. मग पासवर्ड नव्याने घालायचा, राउटरच्या खाली चिकटवलेला आहे, मी एकेक अक्षर..." बाबा म्हणाले, "दाबू? नक्की?" त्या "नक्की"मध्ये काहीतरी होतं, ते तिला ऐकू आलं होतं. "दाबा," ती म्हणाली.

आणि मग काहीच नाही. शांतता सुद्धा नाही, कारण शांततेत निदान खरखर असते. ती जिन्यात उभी राहून कट झालेल्या फोनकडे बघत राहिली आणि तिला साहेबांची फांदी आठवली. ज्या फांदीवर बाबा बसले होते ती तिने तोडली होती, त्यांच्याच हातून. पहिल्या आठवड्यातल्या पोरांची चूक. तिने पुन्हा लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. ती ध्वनिमुद्रित बाई तिला शांतपणे तेच सांगत राहिली. आता बाबांना राउटर उलटा करायचा होता, त्याच्या पोटावरची बारीक इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचायचे होते, ते डोक्यात धरून फोनवर उमटवायचे होते, लहान लिपीतलं लहान, मोठं ते मोठं. जो माणूस तिच्या नावाची दोन अक्षरं धरू शकत नव्हता त्याला.

संध्याकाळपर्यंत फोन लागला नाही. दादाला लावला. तो म्हणाला, "वरच्या मजल्यावर त्या शिवणकामवाल्या काकू आहेत ना, त्यांना सांग बघायला."

"त्यांचा नंबर?"

"माझ्याकडे कुठला? तुझ्याकडे असेल."

तिच्याकडे नव्हता. सगळ्या शहरातली माणसं तिला नंबरावरून सापडत, आणि बापाच्या डोक्यावर राहणाऱ्या बाईचा नंबर दोन्ही मुलांकडे नव्हता. "होईल गं नीट, रेंजचाच प्रॉब्लेम आहे ना," दादा म्हणाला. ती म्हणाली, "दादा, रेंजचा प्रॉब्लेम नाहीये."  दादा म्हणाला, "मला माहीत आहे." आणि मग म्हणाला, "ते मला हल्ली 'अरे' म्हणतात फक्त." एवढ्यावर दोघांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती पहिल्या गाडीने निघाली. खिडकीची जागा मिळाली, बाहेर काय होतं ते तिने पाहिलं नाही. ती वाक्यं जुळवत होती. बाबा, आपण डॉक्टरांकडे जाऊ. बाबा, लपवू नका, आम्ही आहोत ना. आम्ही आहोत ना, हे तिला स्वतःलाच इतकं पोकळ वाटलं की तिने ते काढून टाकलं. बाबा, मला सगळं कळलंय. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि प्रत्येक वाक्य ऐकताना बाबांचा चेहरा कसा पडेल ते तिला दिसत होतं. घराची गल्ली आली तेव्हा तिच्याजवळ एकही वाक्य उरलं नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा पुढच्या खोलीत, निळ्या पडद्यासमोर, गोल स्टुलावर बसले होते. मांडीवर राउटर उपडा, हातात फोटो तपासायचं जुनं भिंग, फोन जमिनीवर. अंगावर कालचाच सदरा होता. त्यांनी वर पाहिलं आणि चेहरा असा उजळला की तिला उंबऱ्यातच रडू येईल असं वाटलं. "आलीस!" ते म्हणाले. "बरं झालं. नेट गेलं बघ."

"हो. माझीच चूक झाली, बाबा. मी चुकीचं सांगितलं."

"तुझी कसली चूक. मीच..." त्यांनी भिंग राउटरवर धरलं. "अक्षरं दिसतात गं मला. एकेक स्पष्ट दिसतं. पण इथून उचलून तिथे नेईपर्यंत..." त्यांनी रिकामी ओंजळ तिच्यासमोर धरली. "सांडतं."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की क्षणभर तिला वाटलं, आता सगळं सोपं होईल, आता बोलता येईल. ती जवळ जाऊन उकिडवी बसली, राउटर घेतला, म्हणाली, "अक्षरंच बारीक छापतात मेले. तरण्याताठ्यांना दिसत नाहीत." तिने पासवर्ड घातला. फोनच्या कपाळावर वायफायच्या रेघा उमटल्या, सगळ्याच्या सगळ्या. बाबांनी विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं." आणि दोघं त्या रेघांकडे बघत बसले. आता बोलणं टाळायला काही कारण उरलं नव्हतं. तिने तोंड उघडलं. "बाबा, काल सकाळी..."

"ते राहू दे," बाबा घाईने उठले. "इतक्या दिवसांनी आली आहेस. बस तिथे. फोटो काढतो तुझा."

"आत्ता? मी प्रवासातून आलेय, केस बघा माझे."

"केसांना काय झालंय. बस म्हणतो ना."

ती बसली. स्टूल अजून तसंच एका बाजूला किंचित कलत होतं. बाबांनी छत्रीचे दिवे लावले, एक पुढे ओढला, एक भिंतीकडे वळवला, आणि त्यांच्या हातांना कुणाचंही नाव आठवायची गरज नव्हती. हात सगळं जाणत होते. त्यांनी तिची हनुवटी दोन बोटांनी जराशी डावीकडे केली, मागे गेले, डोळे बारीक करून प्रकाश पाहिला, पुन्हा आले, तिच्या कपाळावरची एक बट मागे सारली. आजारी माणूस असा दिसत नाही, तिला वाटलं. कदाचित आपणच काहीतरी भलतंसलतं धरून बसलोय. पंखा मान फिरवत होता, दिव्यांची ऊब गालांवर येत होती, आणि कितीतरी वर्षांत ती इतकी स्वस्थ बसली नव्हती. पाय हलत नव्हते. बाबा कॅमेऱ्यामागे उभे राहिले. उजवा हात छातीपर्यंत वर आला.

"हलू नकोस," बाबा म्हणाले, "हलू नकोस..."

आणि थांबले. ओठ किंचित उघडे, भुवया वर, हात वर. खोलीत दोघांमध्ये ना फोन होता, ना भिंत, ना काही अडकण्यासारखं. चार पावलांवर बाबा उभे होते आणि चित्र अडकलं होतं. पंखा खिडकीपाशी गेला, थबकला, परत आला, त्यांचे केस उडाले आणि बसले. तिला शब्द माहीत होता. तो तिच्या जिभेवर होता, दोन अक्षरांचा, हलकासा, तिने तो नुसता उच्चारला असता तर बाबांनी उचलून घेतला असता आणि बटण दाबलं असतं. पण ज्याने लपायला ही एवढीच जागा ठेवली होती त्याच्या जागेत आपण शिरायचं, हे तिच्याने झालं नाही. ती भॉक्‌ची वाट बघत राहिली. लहानपणी बघायची तशीच.

"मी लाइनवर आहे, बाबा," ती शेवटी म्हणाली, कामावरच्या आवाजात, कारण तेवढा एकच आवाज तिच्याकडे न थरथरणारा होता. "सावकाश."

बाबा हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, भरलं, गालावरून खाली हनुवटीपर्यंत गेलं, पण त्यांनी ते पुसलं नाही. पुसलं असतं तर चित्र हललं असतं.